डे-लिली लावायची आणि जमवायची असेल तर

डे-लिलीचं एक फूल एकच दिवस टिकतं. सकाळी उमललं की रात्रीपर्यंत त्याचा खेळ आटोपतो. हे ऐकून बरेच जण हात आखडता घेतात. पण चांगल्या वाणाच्या एका फुलदांड्यावर पंधरा-वीस कळ्या असतात, जुन्या बेटाला असे पाच-सात दांडे येतात, आणि कळ्या एकदम न उमलता रोज दोन-चार अशा उमलत जातात. त्यामुळे एकच बेट तीन-चार आठवडे रोज नवी फुलं देत राहतं. म्हणूनच डे-लिली निवडताना फुलाचा फोटो कितीही भुरळ घालणारा असला, तरी आधी तीन गोष्टी विचारायच्या: दांड्यावर कळ्या किती, दांड्याला फाटे किती, आणि आपल्या हवेत हे झाड टिकेल का. फोटो नेहमी सर्वांत देखण्या फुलाचा काढलेला असतो. बागेत मात्र आपल्याला अख्खं झाड सांभाळायचं असतं.

आधी झाडाची ओळख

नावात लिली असली तरी खऱ्या लिलीशी हिचं जवळचं नातं नाही. खरी लिली खवल्यांच्या कांद्यातून येते आणि तिच्या दांड्यावर वरपर्यंत पानं असतात. डे-लिलीला कांदा नसतो. तिची लांब, पट्टीसारखी पानं थेट जमिनीतून, समोरासमोरच्या दोन रांगांत, पंख्यासारखी निघतात. असा एक पंखा म्हणजे एक फुटवा. फुटव्याच्या तळाशी, जिथे पानं संपून मुळं सुरू होतात, तिथे एक घट्ट पांढरट गाठ असते. तिला गड्डा म्हणू. झाडाचा जीव या गड्ड्यात असतो. खालची मुळं मांसल असतात, काही वाणांत चांगली फुगीर. त्यांत पाणी आणि अन्न साठलेलं असतं, त्यामुळे माती झटकून, कागदात गुंडाळून ठेवलेलं रोपसुद्धा आठवडाभर सहज तग धरतं. एरवी इतकी सोशिक फुलझाडं थोडीच सापडतील.

हिचं मूळ घर पूर्व आशियात: चीन, कोरिया, जपान. युरोपात ती सोळाव्या शतकात पोचली आणि वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये तिला हेमेरोकॅलिस हे शास्त्रीय नाव दिलं. अनेक देशांत रस्त्याच्या कडेला दिसणारी उंच, विटकरी-नारिंगी डे-लिली ही ‘फुल्वा’ या जातीची. तिचा सर्वत्र पसरलेला प्रकार त्रिगुणित आहे, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेला. त्याला बी जवळजवळ धरतच नाही, पण जमिनीखालून धावणाऱ्या खोडांनी तो इतका पसरतो की शेजाऱ्यांना गिळून टाकतो. उतारावरची माती धरून ठेवायला उत्तम. संग्रहाच्या वाफ्यात मात्र त्याला पाऊल टाकू देऊ नका.

आणखी एक गोष्ट, लावायच्या आधीच सांगण्यासारखी. घरात मांजर असेल तर डे-लिली लावूच नका, किंवा मांजर पोचणार नाही अशा बंदिस्त जागी लावा. पान, फूल, पराग, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करू शकतं. मांजराने पान चावलेलं दिसलं तर लक्षणांची वाट न बघता लगेच पशुवैद्याकडे न्यायचं.

पायरी १: आपली हवा बघा, मग पान बघा

नवखा माणूस रंग बघतो. जुना संग्राहक वर्णनातला पानांचा प्रकार आधी वाचतो. हे प्रकार तीन आहेत.

*सुप्त* वाणांची पानं थंडी पडली की पूर्ण वाळून जातात, गड्डा झोपी जातो आणि ऊब आली की टोकदार कोंब वर येतात. *सदाहरित* वाणांची पानं वर्षभर हिरवी राहतात आणि हवा मानवली तर वाढही चालू राहते. *अर्धसदाहरित* वाण मधले. थंड जागी ते झोपल्यासारखे वागतात, उबदार जागी हिरवे राहतात.

जिथे कडाक्याची थंडी पडतच नाही, तिथे सदाहरित आणि अर्धसदाहरित वाणांपासून सुरुवात करावी. कट्टर सुप्त वाणांना झोपेसाठी थंडी लागते. ती मिळाली नाही तर पहिल्या वर्षी साठवलेल्या जोरावर फुलं येतात, दुसऱ्या वर्षी फुटवे बारीक होतात आणि पुढे झाड हळूहळू विरत जातं. लोकांना वाटतं खत कमी पडलं. खरं तर कमी पडलेली असते थंडी. उलट जिथे जमीन गोठते, तिथे नाजूक सदाहरित वाणांचे गड्डे हिवाळ्यात कुजतात.

मात्र हा काही लोखंडी नियम नाही. पानांचा प्रकार म्हणजे हिवाळ्यात पानं कशी वागतात याचं वर्णन, झाड किती काटक आहे याचा दाखला नव्हे. काही सदाहरित वाण बर्फातून सुखरूप बाहेर येतात आणि काही सुप्त वाण उबदार हवेतही खुशाल फुलतात. आपल्यासारख्याच हवेत तो वाण कोणी तीन-चार वर्षं लावला असेल, तर त्याचा शब्द छापील वर्णनापेक्षा खरा मानावा.

पायरी २: जागा

दिवसाला निदान सहा तास ऊन हवं. सावलीत झाड मरत नाही, पण दांडे उन्हाच्या दिशेने वाकतात आणि कळ्या कमी धरतात. गडद लाल, जांभळे आणि काळपट वाण मात्र दुपारच्या प्रखर उन्हात पोळतात. पाकळ्या वितळल्यासारख्या दिसतात, पांढरे ठिपके पडतात. त्यांना सकाळचं ऊन आणि दुपारी विरळ सावली अशी जागा द्यावी. पिवळे, पीच आणि फिके गुलाबी रंग उन्हाला फार जुमानत नाहीत.

फुलं उजेडाकडे तोंड करतात. त्यामुळे ज्या बाजूने ऊन येतं, त्याच बाजूला तुमची पायवाट किंवा बसायची जागा असेल असा वाफा आखा. नाहीतर रोज सकाळी फुलांची पाठ बघावी लागते.

मोठ्या झाडाखाली लावू नका. सावलीपेक्षा त्याच्या मुळांची भूक जास्त त्रास देते. मातीबद्दल डे-लिली कुरकुर करत नाही, फक्त पाणी तुंबलेलं तिला खपत नाही. फूटभर खोल खड्डा खणून पाण्याने भरा. पाणी जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-पाच तासांनीही तसंच असेल, तर वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा १५-२० सेंटिमीटर उंच करा. माती किंचित आम्ल, सामू (पीएच) ६ ते ६.५ च्या आसपास, असेल तर उत्तम. चिकणमातीत आणि रेताड मातीतही इलाज एकच: चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट भरपूर मिसळणं.

कुंडीत लावायचं तर ३० सेंटिमीटरपेक्षा लहान कुंडी नको, आणि वाण बुटका निवडा.

पायरी ३: रोप घेताना

रोप दोन प्रकारे मिळतं, कुंडीत वाढवलेलं किंवा माती झटकून नुसत्या मुळांसकट. संग्राहकांची देवाणघेवाण बहुतेक दुसऱ्या प्रकारे होते. एकाच नावाचे दोन जोडलेले फुटवे घेणं हा साधारण रिवाज आहे, कारण एक दगावला तरी एक उरतो.

हातात आल्यावर पानं बघू नका, ती प्रवासात पिवळी पडणारच. गड्डा अंगठ्याने दाबून बघा. टणक हवा. दाबल्यावर आत गेला किंवा आंबूस वास आला तर ते रोप घेऊ नका. मुळं मलईच्या रंगाची, भरीव हवीत. पोकळ, तपकिरी मुळं कात्रीने काढून टाका. मग एक पान उलटं करून खालची बाजू पांढऱ्या कागदी रुमालाने पुसा. रुमालावर नारिंगी भुकटी उठली तर तो तांबेरा. त्याविषयी पुढे.

नव्याने बाजारात आलेला वाण महाग असतो, कारण जगात त्याचे फुटवेच मोजके असतात. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा वाण स्वस्त मिळतो तो वाईट म्हणून नव्हे, तर भरपूर वाढला म्हणून. सुरुवात जुन्यांपासून करा. ते जितक्या बागांतून पार पडले आहेत, तितकी परीक्षा नव्याची झालेलीच नसते.

टिशू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या पेशींपासून वाढवलेली, रोपं स्वस्त असतात, पण त्यांत कधीकधी मूळ वाणापेक्षा फरक निघतो. शोभेसाठी हरकत नाही. संग्रहासाठी मात्र मूळ बेटाचा फुटवाच घ्या.

पायरी ४: लावणी

वसंतात किंवा कडक उन्हाळा ओसरल्यावर लावावं. पारा ३५ अंशांच्या वर असताना, त्यातून जमीन ओली असताना, नवं रोप लावणं म्हणजे गड्डा कुजायला निमंत्रण. जमीन गोठणाऱ्या प्रदेशात गोठण्याआधी निदान चार-सहा आठवडे मिळायला हवेत, म्हणजे मुळं धरतात.

मुळं दोन-चार तास पाण्यात भिजत ठेवा. पानं १५-२० सेंटिमीटरवर कापा, कारण नव्या मुळांना एवढी पानं पोसणं झेपत नाही. फूटभर रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्या, मधोमध मातीची छोटी टेकडी करा. गड्डा टेकडीच्या माथ्यावर बसवा आणि मुळं चहूबाजूंनी उतारावर पसरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गड्ड्याची खोली. गड्ड्याच्या माथ्यावर माती सुमारे २.५ सेंटिमीटर हवी, त्याहून जास्त नको. फुटवा नीट बघितलात तर पानांच्या बुडाशी पांढरा भाग संपून हिरवा सुरू होतो अशी एक रेघ दिसते. आधीच्या बागेत माती तिथपर्यंत होती. ती रेघ जमिनीच्या पातळीला आली की काम झालं. जास्त खोल गेलं तर फुलं रुसतात, कधी गड्डाच कुजतो; उघडं राहिलं तर रोप डोलतं आणि सुकतं. माती ओढा, दाबून पोकळ्या भरा, भरपूर पाणी द्या आणि दोन दिवसांनी परत बघा, कारण माती खाली बसलेली असते.

खड्ड्यात रासायनिक खत टाकू नका. दोन रोपांत ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर ठेवा, बुटक्या वाणांना ३० पुरे. आणि हात धुवायच्या आधी नावाची पाटी रोवा. ‘उद्या लावू’ म्हटलेल्या पाटीमुळे जितकी रोपं निनावी झाली असतील, तितकी वादळाने झाली नसतील.

पायरी ५: पहिली दोन वर्षं

पहिल्या हंगामात माती ओलसर राहील इतकं पाणी. पुढे पाऊस धरून आठवड्याला साधारण २.५ सेंटिमीटर पाणी पुरतं. कळ्या धरताना आणि फुलताना पाणी तोडू नका. तेव्हाच्या ताणाने कळ्या पिवळ्या पडून गळतात. पाणी सकाळी, बुडाशी. फुलांवर पाणी पडलं तर गडद पाकळ्यांवर डाग पडतात. पालापाचोळ्याचं ५-७ सेंटिमीटर आच्छादन घाला, पण गड्ड्यापासून चार बोटं लांब. गड्ड्यावर ओला पाला साचला की कुजव्याची सोय झालीच.

खत वाढ सुरू होताना एकदा आणि फुलांचा बहर ओसरल्यावर एकदा. नत्र जास्त झालं तर पानांचं रान माजतं आणि फुलं मागे पडतात.

कोमेजलेली फुलं रोज खुडावीत. नाही खुडली तरी झाडाचं बिघडत नाही, पण कोमेजलेलं फूल शेजारच्या कळीला चिकटतं आणि दुसऱ्या दिवशी ती कळी धड उमलत नाही. फुलामागे हिरवं बोंड धरलं असेल आणि बी नको असेल तर तेही काढा. दांडा पूर्ण फुलून तपकिरी झाला की ओढल्यावर अलगद निघतो. हिरवा असताना ओढाल तर गड्ड्याचा तुकडा सोबत येईल.

पहिल्या वर्षीच्या फुलावरून वाणाची परीक्षा करू नका. नवं रोप लहान फुलं देतं, रंग फिका, काठावरची झालर अर्धवट. दुहेरी पाकळ्यांचे वाण पहिल्या बहरात, विशेषतः थंड सकाळी, एकेरी फुलं देऊन चक्क फसवतात. खरं रूप दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दिसतं.

पायरी ६: बेट फोडणं

तीन ते पाच वर्षांत बेट दाटतं. दांडे कमी झाले, फुलं लहान आली, मधला भाग विरळ झाला, की फोडायची वेळ झाली.

आदल्या दिवशी पाणी द्या. पानं कापा. फावड्याऐवजी काटेरी खुरप्याने, बेटापासून वीतभर लांबून चारही बाजूंनी सैल करत अख्खं बेट उचला आणि नळाच्या धारेखाली माती धुऊन टाका. धुतल्याशिवाय घाई करू नका. माती गेली की दिसतं, काही फुटवे नुसते टेकलेले असतात. ते दोन हातांत धरून हलकेच मागेपुढे हलवले की एक बारीक ‘टक्’ असा आवाज होतो आणि सुटतात. जे एकाच गाठीतून फुटलेले असतात ते सुटत नाहीत. तिथे धारदार सुरी दोन फुटव्यांच्या मधोमध, वरून खाली, अशी चालवा की दोन्हीकडे गड्डा आणि मुळं यांचा वाटा जाईल. मुळं नसलेला फुटवा क्वचितच जगतो. कापलेली जागा सावलीत एक दिवस सुकू द्या, मग लावा. एका वाणानंतर दुसऱ्याला सुरी लावण्याआधी ती स्पिरिटने पुसून घ्या.

काही वाणांच्या दांड्यावर, पेऱ्याशी, छोटं रोप फुटतं. दांडा वाळायच्या आधी त्या रोपाच्या वर-खाली दोन-दोन इंच दांडा ठेवून कापा आणि ओल्या मातीत खोचा. त्याला मुळं फुटतात आणि ते हुबेहूब आईसारखंच निघतं. संग्राहकाला फुकट मिळणारा फुटवा तो हाच.

रोग आणि कीड

यादी मोठी होईल, पण खरी काळजी दोघांची.

पहिला तांबेरा. पुक्सिनिया हेमेरोकॅलिडिस नावाची ही बुरशी. उत्तर अमेरिकेत ती २००० साली आढळली आणि तिथून संग्राहकांच्या सवयीच बदलल्या. पानाच्या खालच्या बाजूला नारिंगी पुळ्या येतात, हात लावला की भुकटी. सहसा झाड मरत नाही, पण पानं करपतात, जोर जातो आणि वाऱ्यावर सगळा वाफा बाधित होतो. बीजाणूंना रुजायला पान काही तास सलग ओलं लागतं, म्हणून संध्याकाळी वरून पाणी मारणं बंद करा आणि झाडांत हवा खेळती ठेवा. बाधित पानं जमिनीलगत कापून बागेबाहेर टाका; कंपोस्टात नको. जिथे जमीन गोठते तिथे हिरवी पानं मरतात आणि त्यांच्याबरोबर तांबेराही. उबदार हवेत सदाहरित पानांवर तो वर्षभर मुक्काम करतो. तिथे तांबेऱ्याला दाद न देणारे वाण निवडणं हाच टिकाऊ उपाय. नवं रोप कुठूनही येवो, पानं पूर्ण कापून काही आठवडे वेगळ्या कोपऱ्यात ठेवा आणि नवी पानं स्वच्छ निघाली तरच वाफ्यात घ्या.

दुसरा गड्ड्याचा कुजवा. पानं बुडातून पिवळी पडतात, ओढली की हातात येतात, घाण वास येतो. लगेच उचला, कुजका भाग निरोगी पांढरा गर लागेपर्यंत कापा, धुवा, सावलीत सुकवा आणि कोरडसर, निचऱ्याच्या मातीत नव्याने लावा. निम्मी रोपं वाचली तरी खूप झालं.

बाकीचे किरकोळ. मावा आणि लाल कोळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आवरतात. फुलकिड्यांनी कळ्यांवर ओरखडे उठतात. पानाच्या मधल्या शिरेवरून पिवळट-तपकिरी पट्टा उतरत आला तर तो पानांवरचा करपा. जुनी पानं काढून टाकली की पसरत नाही. एखादी कळी आखूड, फुगीर आणि वेडीवाकडी दिसली तर ती उघडा. आत सूक्ष्म पांढऱ्या अळ्या असतील तर तो कळीमाशीचा उपद्रव. अशा कळ्या रोज खुडून घट्ट पिशवीत बंद करून नष्ट करा.

संग्रह कसा बांधावा

नोंदलेल्या वाणांची संख्या एव्हाना १,००,००० च्या वर गेली आहे. सगळं जमवायचा विचार सोडा. एक सूत्र धरा: फक्त बुटके वाण, फक्त सुवासिक, एकाच संकरकाराचे (संकर करून नवे वाण तयार करणाऱ्याचे), किंवा अगदी आरंभीच्या फुलांपासून शेवटच्या उशिराच्या फुलांपर्यंत हंगाम ताणणारे. सूत्र नसलेला संग्रह पाहता पाहता नुसता साठा होतो.

वर्णनं वाचायला काही शब्द लागतात. फूल ७.५ सेंटिमीटरच्या आतलं तर सूक्ष्म, त्यापुढे साधारण ११.५ पर्यंत लहान, त्यावर मोठं. मध्यभागाचा हिरवा-पिवळा भाग म्हणजे गळा. गळ्याभोवती गडद रंगाचं वलय असेल तर डोळा, फिकं असेल तर जलखूण. पाकळीची लांबी रुंदीच्या चौपट किंवा जास्त असेल तर ते ‘स्पायडर’. पाकळ्या मुरडलेल्या, चिमटलेल्या किंवा चमच्यासारख्या असतील तर ‘अनयूज्वल फॉर्म’. बहर एकदा संपून त्याच हंगामात पुन्हा दांडे येत असतील तर पुन्हा फुलणारा वाण. द्विगुणित म्हणजे २२ गुणसूत्रं, चतुर्गुणित म्हणजे ४४. चतुर्गुणितांच्या पाकळ्या जाड, रंग गडद आणि दांडे भक्कम असतात, पण नाजूक ठेवणीची खुमारी द्विगुणितांत जास्त, असं माझं मत. शुद्ध निळा आणि शुद्ध पांढरा अजून कोणाला साधलेला नाही. तसा फोटो दिसला तर तो फोटो रंगवलेला आहे असं समजा.

सुरुवातीला ओळख व्हावी अशी काही नावं. ‘स्टेला डी ओरो’ हा वॉल्टर जॅब्लोन्स्की यांचा बुटका सोनेरी पिवळा वाण १९७५ मध्ये नोंदला गेला आणि पुन्हापुन्हा फुलण्यामुळे जगभर पसरला. १९८५ मध्ये त्याला डे-लिलीच्या वाणांना दिलं जाणारं स्टाउट रौप्यपदक मिळालं. त्याचंच रक्त असलेला लिंबू-पिवळा ‘हॅपी रिटर्न्स’. उंच, सुवासिक ‘हायपेरियन’ १९२४ पासून बागांत टिकून आहे, याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठलं हवं? ज्यांच्या नावाचं पदक, ते आर्लो बर्डेट स्टाउट न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमध्ये संकरावर काम करत. त्यांचा ‘ऑटम मिनारेट’ माणसाच्या उंचीला भिडणारा आणि उशिरा फुलणारा आहे. स्टाउट पदक १९५० पासून दिलं जातं. त्या विजेत्यांची यादी नवख्यासाठी खरेदीची बरी वाट दाखवते, फक्त हवेचा प्रश्न प्रत्येक नावाला वेगळा विचारावा लागतो.

पाटीबद्दल थोडं लांबण लावतो, कारण संग्रह यावरच उभा असतो. मार्करची ‘न पुसणारी’ शाई उन्हात वर्ष-दीड वर्षात उडते. ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर बोथट टोकाने दाबून कोरलेलं नाव टिकतं, साध्या शिसपेन्सिलीचं झिंकच्या पट्टीवरही टिकतं. पाटीवर तीन गोष्टी: वाणाचं नाव, संकरकाराचं नाव, नोंदणीचं वर्ष. पाट्या हलतात, कावळे उपटतात, खुरप्यात अडकतात. म्हणून वाफ्याचा नकाशा वहीत वेगळा काढा आणि दर हंगामाला पडताळा. नाव हरवलेलं रोप कितीही सुंदर असलं तरी अंदाजाने नाव लावू नका. एकसारखी दिसणारी पिवळी फुलं शेकड्यांनी आहेत. ‘निनावी’ असं लिहा आणि वेगळ्या वाफ्यात ठेवा.

वहीत प्रत्येक वाणासमोर पहिल्या फुलाची तारीख, शेवटच्या फुलाची तारीख, दांडे आणि एका दांड्यावरच्या कळ्या एवढं लिहिलं तरी तीन वर्षांत कुठला वाण ठेवायचा आणि कुठला देऊन टाकायचा हे वहीच सांगते.

स्वतःचं बी धरायचं असेल तर

बियांपासून आलेलं रोप आईसारखं निघत नाही. म्हणून त्याला आईचं नाव देणं चूक, मग फूल कितीही सारखं दिसो.

संकर करणं मात्र सोपं आहे. द्विगुणिताचा द्विगुणिताशी आणि चतुर्गुणिताचा चतुर्गुणिताशीच. आडवा संकर सहसा धरत नाही. सकाळी, ऊन तापायच्या आत, परागकोश फुटून पिवळी भुकटी मोकळी झाली की चिमट्याने एक पुंकेसर तोडा. दुसऱ्या फुलात सहा पुंकेसरांच्या पुढे आलेली, किंचित वर वळलेली एक लांब नळी दिसेल. तिच्या टोकाला परागकोश हलकेच घासा, टोक पिवळं दिसेपर्यंत. देठाला दोरा बांधून ‘आई × बाप’ लिहिलेली चिठ्ठी अडकवा. फुलाची पाकळी वाळून गळली आणि मागे हिरवं बोंड फुगू लागलं तर संकर धरला. सहा ते आठ आठवड्यांत बोंड तपकिरी होऊन टोकाला तडकतं. तडकताच काढा, नाहीतर बी सांडतं. बी काळं, चकचकीत, मिरीएवढं असतं.

एक-दोन दिवस सावलीत सुकवून ओलसर कागदात, पिशवीत घालून फ्रिजमध्ये चार-सहा आठवडे ठेवलं की उगवण एकसारखी होते, विशेषतः सुप्त वाणांची. मग उथळ कुंडीत अर्धा इंच खोल पेरा. फूल यायला दोन ते तीन वर्षं लागतात.

पहिलं फूल बघून हरखून जायला होतं, पण दोन हंगाम थांबा आणि तेच प्रश्न पुन्हा विचारा: कळ्या, फाटे, हवा. सगळ्यांची उत्तरं चांगली आली आणि तसा वाण आधी नसेल, तर नोंदणी करता येते. जगभरच्या डे-लिलींची नावं १९५५ पासून अमेरिकेतली डे-लिली संस्था नोंदते, अर्ज कुठल्याही देशातून चालतो, आणि आधी दिलं गेलेलं नाव पुन्हा मिळत नाही. उरलेली रोपं मित्रांना द्या, पण चिठ्ठीवर ‘बियांचं रोप’ असं आणि आई-बापाची नावं ‘×’ घालून लिहा, म्हणजे ते रोप पुढे दुसऱ्या कोणाच्या बागेत आईच्या नावाने मिरवणार नाही.